फाटकाजवळचं काँक्रीट आणि खालची काळी माती

सांगलीत कुणाच्या घराला, कुंपणाला किंवा रस्त्याला तडा गेला की तो पुराच्या नावावर जमा होतो. २०१९च्या महापुरानंतर तर ही सवयच लागली आहे. आमच्या फाटकापासून पोर्चपर्यंतचं काँक्रीट फुटलं तेव्हाही गल्लीत सगळ्यांचं निदान तेच. वास्तविक पुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलंच नव्हतं.

घर बांधलं तेव्हा दहा फूट रुंद आणि वीसेक फूट लांब असा एक सलग पट्टा ओतून घेतला होता, मध्ये एकही सांधा न ठेवता. त्यातला फाटकाकडचा भाग खचला आणि त्याचे तुकडे झाले. गाडी आत घेताना पुढचं चाक तिथे आदळायचं, तुकडे डुगडुगायचे आणि पावसाळ्यात फटींतून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत फुलं आणायला जातात. ती काठी दोनदा त्या फटीत अडकली. मग मात्र हे काम पुढे ढकलण्यात अर्थ राहिला नाही.

पण एवढ्याशा कामाला गवंडी येत नाही. चूक त्यांचीही नाही. स्लॅबची, प्लास्टरची महिनोन्‌महिने चालणारी कामं सोडून साठ चौरस फुटांसाठी हजेरी कोण मोडेल? एकाने "येतो की" म्हणून दिवाळी काढली, दुसऱ्याने सगळाच पट्टा उखडून पेव्हर ब्लॉक बसवायचा सल्ला दिला. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथल्या वयस्कर गवंडी मामांनी येऊन बघितलं तरी. पहारीचं टोक ठिकठिकाणी आपटलं आणि म्हणाले, "ताई, वरनं कितीबी चांगला माल टाका, खाली ही माती हाय तवर ते हलणारच. काम तुमचं तुम्हीबी करशिला. फकस्त घाई करू नगा." मी शाळेत गणित शिकवते. घमेलं उचलायचा प्रसंग त्याआधी कधी आलेला नव्हता. पण मामांचं "करशिला" डोक्यात बसलं.

मामांनी केलं ते आपटणं मी नंतर स्वतः सगळ्या पट्ट्यावर केलं. जिथे खाली आधार आहे तिथे पहार ठण्ण वाजते, हाताला झिणझिण्या येतात. जिथे माती खचून पोकळी झाली आहे तिथे आवाज बसका, ढब असा येतो. शाळेतला खडू घेऊन पोकळ वाजणारा भाग आखत गेले. गंमत अशी की डोळ्यांना दिसणाऱ्या तड्यांपेक्षा खडूची रेघ बरीच पुढे गेली. वरून धड दिसणारा हातभर भागही खालून रिकामाच होता. तो ठेवून नुसते तडे बुजवले असते तर सगळं पुढच्या पावसात बाहेर आलं असतं.

कारणं तीन निघाली. पहिलं कारण म्हणजे आमची जमीन. वसाहत होण्यापूर्वी इथे उसाचं रान होतं. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली ही काळी माती उसाला, हळदीला सोन्यासारखी आणि घराला वैरीण. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, आणि चार इंचांचं काँक्रीट या वरखाली होण्यात मधेच मोडतं. दुसरं कारण गच्चीवरचं पाणी. त्याचा पाइप नेमका पट्ट्याच्या कडेला सुटत होता, म्हणजे मातीला फुगायला लागणारं पाणी आम्हीच पुरवत होतो. आणि तिसरं, नळाच्या जोडणीसाठी फाटकाखालून खणलेला चर. तो खणणाऱ्यांनी ढेकळं लोटून बुजवला होता, ठोकला कुणीच नव्हता. पूर बिचारा कशातच नव्हता.

हंगामाचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात शक्य नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीटवरचं पाणी इतक्या झपाट्याने उडतं की ते घट्ट व्हायच्या आतच पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. थंडी संपता संपता, होळीच्या आधीचे दिवस मला बरे वाटले. जमीन तेव्हा फुगलेलीही नसते आणि पार आक्रसलेलीही नसते.

तोडायची सुरुवात घणाने करायची नाही. आधी खडूच्या रेघेच्या थोडं बाहेर दोरी धरून सरळ रेघ मारायची आणि त्या रेघेवर भाड्याने आणलेल्या कटरने इंच-दीड इंच खोल खाच घ्यायची. मग घण मारला की तडा खाचेपाशी थांबतो आणि कड उभी, स्वच्छ मिळते. तिरपी, पातळ होत गेलेली कड ठेवली तर तिथला नवा माल पापुद्र्यासारखा सुटतो. या कटरची धूळ मात्र साधी नव्हे. तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. कोरोनाच्या काळातले उरलेले एन-९५ मास्क इथे कामी आले, डोळ्यांना गॉगल, कानांत बोळे. धूळ बसावी म्हणून कटर चालू असताना वर पाणी ओतायचा सल्ला एकाने दिला. हातातलं यंत्र विजेवर चालणारं असताना आणि ते ओल्या कामासाठी बनवलेलं नसताना असं अजिबात करू नये. शेजारच्या काकूंनी गच्चीवर सांडगे घातले होते, म्हणून आधी त्यांना विचारून वाळवण आत घ्यायला लावलं. तेवढी माणुसकी धुळीच्या कामात ठेवावी.

तोडणं यांनी आणि मुलाने केलं. मधोमध घण मारून काँक्रीट लवकर फुटत नाही. कडेला पहार घालून तुकडा थोडा उचलला आणि मग वर घाव घातला की एका फटक्यात दोन होतात. पहिला मोठा तुकडा उलथला तेव्हा खाली माझी वीत आत जाईल एवढी पोकळी दिसली. आत मातीचा ओला वास आणि काँक्रीटच्या पोटाला चिकटलेली मुळं. ते काँक्रीट इतकी वर्षं हवेत पूल होऊन राहिलं होतं. त्यावर गाडी रोज ये-जा करत होती याचंच नवल वाटलं.

खरं काम इथून पुढे, आणि ते दिसत नाही. दीड फूट काळी माती काढून टाकली. नळाचा चर मोकळा केला, पाइप तपासला, त्याच्याभोवती बारीक वाळू भरली. मग मुरूम. मुरूम भरण्यात लोक टेम्पो रिकामा करून वर पाणी सोडतात आणि "बसला" म्हणतात. पाण्याने वरचा थर बसतो, खालचा तसाच राहतो. आम्ही पाच-सहा इंचांचा थर पसरायचा, झारीने ओला करायचा आणि धुम्मसाने, म्हणजे जड ठोकळा लावलेल्या दांड्याने, ठोकायचा, मगच पुढचा थर, असं केलं. ओलाव्याचं माप मामांनी दिलं होतं. मूठभर मुरूम दाबला तर त्याचा लाडू वळावा, पण बोटांतून पाणी निघू नये. कोरडा असेल तर कण एकमेकांत बसत नाहीत आणि फार ओला असेल तर धुम्मस रुततं. फोडलेल्या काँक्रीटचे मुठीएवढे तुकडे करून सगळ्यात खालच्या थरात दाबले, त्यामुळे राडारोडा टाकायला जागा शोधावी लागली नाही. शेवटच्या थरावर टाचेने जोर दिला तरी खूण उठेना, तेव्हा मुलानेच धुम्मस भिंतीला टेकवलं. त्याच्या तळहाताला फोड आले होते आणि त्यांचे फोटो सगळ्या मित्रांना जाऊन पोचले होते.

गच्चीचा पाइपही याच वेळी वाढवून थेट रस्त्याच्या गटाराकडे नेला. काँक्रीटशी त्याचा संबंध नाही असं वाटतं, पण माझ्या मते अर्धी दुरुस्ती तीच होती.

साहित्य आणायला गेले तेव्हा गणिताची बाई असल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. दहा फूट बाय सहा फूट बाय पाच इंच म्हणजे पंचवीस घनफूट काँक्रीट. एम-२० प्रतीचं, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. कालवल्यावर आणि ठोकल्यावर आकारमान घटतं, म्हणून कोरडं साहित्य दीडपटीहून थोडं जास्त धरतात. त्या हिशोबाने सिमेंटच्या पावणेसहा गोण्या झाल्या. हाताने कालवायचं असेल तर दहा टक्के जास्त सिमेंट धरायची पद्धत आहे, तेव्हा सव्वासहाच्या आसपास. वाळू दहा-अकरा घनफूट, खडी एकवीस. दुकानदार ब्रासमध्ये बोलतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. "पाव ब्रास खडी आणि त्याच्या निम्मी क्रश सँड", म्हणजे दगड दळून केलेली वाळू, असं म्हटल्यावर त्याने मोबाइलवरून मान वर केली. "मॅडम, शोपीस करायलाय काय?" शेवटी छोट्या हत्तीतून गोण्यांत भरून आलं. मालापेक्षा भाडंच टोचलं.

सिमेंट घेताना दोन गोष्टी बघाव्यात. गोणीवर उत्पादनाचा आठवडा, महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांच्या वरची गोणी घेऊ नये. आणि गोणीत हात घातल्यावर गार लागलं पाहिजे, गोळे लागता कामा नयेत. मी पीपीसी घेतलं, म्हणजे राख मिसळलेलं. ते ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटपेक्षा सावकाश ताकद धरतं. मला कसलीच घाई नव्हती, त्यामुळे ते सोयीचंच होतं.

मुरमावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, नाहीतर कोरडा मुरूम ताज्या मालातलं पाणी ओढून घेतो. त्यावर आठ मिलिमीटरच्या सळईची जाळी बांधली आणि ती दोन इंचांच्या कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सळईखाली ठेवायच्या ठोकळ्यांवर, बसवली. जाळी नुसती जमिनीवर टाकून वर माल ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. "ओतताना वर ओढून घेऊ" म्हणतात आणि ती कुणी ओढत नाही. तळाशी पडून राहिलेली सळई वरच्या भेगांना काय आवरणार? फाटकाच्या खांबांशी अर्ध्या इंचाच्या थर्माकोलच्या पट्ट्या उभ्या केल्या, म्हणजे नवं काँक्रीट हललंच तर खांबाला ढकलणार नाही. उतार पन्नासाला एक ठेवायचा होता. सहा फुटांत दीड इंचाला थोडा कमी. पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपने तो दोन्ही कडांना आखून घेतला. गवंड्यांच्या सगळ्या हत्यारांत मला हे सर्वांत आवडलं. दोन रुपयांचं पाणी आणि खोटं कधी बोलत नाही.

आदल्या रात्री जुन्या कडा भिजवून ठेवल्या. सकाळी त्या आतून ओल्या पण वरून पाणी न साचलेल्या अशा हव्या असतात. माल ओतायच्या अगदी आधी त्यांना सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सची (जुनं-नवं जोडणारं दुधासारखं रबरी द्रव) खीर ब्रशने लावायची. ही खीर चिकट असतानाच माल पडला पाहिजे. वाळली तर जोडण्याऐवजी ती मधे पडदाच होऊन बसते. म्हणून ती सगळीकडे एकदम लावून मोकळं व्हायचं नाही, जिथे माल पडणार तेवढीच कड रंगवायची.

कालवायला लोखंडी पत्रा आणि मापाला रंगाची रिकामी बादली. सिमेंटची पन्नास किलोची गोणी म्हणजे पस्तीस लिटर. अर्धी गोणी एका खेपेला, म्हणून बादलीवर साडेसतरा लिटरला खूण केली. अर्ध्या गोणीला दीड बादली वाळू, तीन बादल्या खडी. आधी वाळू आणि सिमेंट कोरडंच उलथापालथ करून एकरंगी करायचं, मग खडी, मग मधे आळं करून त्यात पाणी.

पाण्यावरून घरात वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. सिमेंटच्या वजनाच्या निम्मं पाणी, म्हणजे पंचवीस किलोला साडेबारा लिटर, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. एवढ्या पाण्याचा माल फावड्याला जड लागतो. यांचं म्हणणं, "अजून एक तांब्या ओत, सरकत नाहीये." प्रत्येक साइटवर बिगारी हेच म्हणतात आणि प्रत्येक साइटवर तो तांब्या ओतला जातो. जास्तीचं पाणी सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागतच नाही. ते पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. काँक्रीट सच्छिद्र होतं, आक्रसतं जास्त आणि ताकद घटते. मी पाण्याची बादली माझ्याकडे घेतली आणि तांब्या आत्यांच्या हवाली केला. आत्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्याकडून तांब्या परत मागायची यांची हिंमत नव्हती.

माल बरोबर झाला की नाही ते थापीने कळतं. ढिगावर थापी दाबून ओढली की पृष्ठभाग तुकतुकीत दिसावा, खडीच्या फटी बुजाव्यात आणि ढीग मात्र पसरू नये. आतल्या बाजूने ओतत फाटकाकडे आलो. मुलगा मागोमाग सळईने टोचत होता, विशेषतः कडांना, कारण हवा तिथेच अडकते. भरून झाल्यावर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दोन्ही कडांवर टेकवून करवतीसारखी मागेपुढे हलवत ओढली, खड्डे भरले, पुन्हा ओढली. हातांना रबरी मोजे, पायांत गमबूट. ओलं सिमेंट कातडी भाजतं. लगेच कळत नाही, रात्री कळतं. गुडघे टेकायचे असतील तर खाली फळी घ्यावी.

यानंतरचा तास सगळ्यांत अवघड, कारण काहीच करायचं नसतं. काँक्रीट बसत जातं तसं त्यातलं पाणी वर सुटतं आणि सगळा पृष्ठभाग चकचकीत होतो. हात शिवशिवतात. पण त्या वेळी थापी फिरवली की ते पाणी आणि बारीक सिमेंट वरच्या थरात कोंडलं जातं, आणि वर्षभरात तोच थर पीठ होऊन उडायला लागतो. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटाई करणं हाही तसलाच प्रकार. दिसायला आरसा, टिकायला काही नाही. मी फाटकाच्या कट्ट्यावर बसून नुसती बघत होते. चकाकी आधी उन्हाकडच्या कोपऱ्यातून गेली, मग मधून, शेवटी भिंतीच्या सावलीतून. सगळीकडे मंद, मॅट रंग आल्यावर लाकडी रंधा, म्हणजे गवंड्यांची मुठीची सपाट फळी, गोल गोल फिरवला, आणि मग धुतलेला, झटकलेला खराटा उताराला आडवा एकदाच ओढला. खराट्याच्या त्या रेघा शोभेच्या नाहीत. पावसात पाय आणि टायर त्यांच्यावरच धरतात. ज्यांना शोभा हवी ते गवंड्याकडून ओल्या मालावर दोरीने चौकटी मारून घेतात.

संध्याकाळी प्लास्टिक झाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी. इथे मात्र हात आखडायचा नाही. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकली पाहिजे. कडेने मातीचे बांध घालून आळी केली, वर बारदान. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की झालं असं लोक समजतात, पण मधल्या दुपारी ते खडखडीत वाळलं तर काय उपयोग? सतत ओलं राहणं महत्त्वाचं. हे खातं आत्यांनी स्वतःहून घेतलं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी तिकडे. साबणाचं तेवढं नको म्हणून सांगितलं होतं.

गाडी महिनाभर गल्लीत उभी राहिली. सातव्या दिवशी काँक्रीटने अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीची साधारण दोन तृतीयांश ताकद धरलेली असते, त्यामुळे लोक आठवड्यात गाडी चढवतातही. पीपीसीच्या बाबतीत मला तो धोका घ्यायचा नव्हता. दहा फुटांच्या रुंदीत मधोमध एक सांधा मात्र दुसऱ्याच दिवशी कटरने पाडला, जाडीच्या पावपट खोल. काँक्रीट आक्रसताना कुठेतरी तडकणारच, तर ते आपण सांगू तिथे तडको. जुन्या पट्ट्यात ही एक रेघ दोन ठिकाणी असती तर निम्मा त्रास वाचला असता.

पावसाळा गेला. नवा भाग खचलेला नाही, फाटकापाशी पाणी थांबत नाही. रंग मात्र जुन्याशी जुळत नाही. यायच्या-जायच्या वाटेवर ठिगळ लावल्यासारखं दिसतं आणि आलेला प्रत्येक पाहुणा ते आधी बघतो. मामा बांधकाम संपवून जाताना आले होते, टाच आपटून बघितली, "उतार बरा निघालाय" म्हणाले. बाकी काही नाही.

राहिलेल्या जुन्या पट्ट्यात, तुळशीपाशी, एक तडा अजून आहे. तिथे पहार ठणठणीत वाजते, म्हणून तोडलं नाही. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून मधलं अंतर मोजत आले. मेमध्ये पट्टीवर चार मिलिमीटर, सप्टेंबरात जेमतेम दोन. माती फुगली की तडा मिटतो, वाळली की उघडतो. असल्या हलत्या तड्यात सिमेंटचा माल भरला तर तो पुढच्या उन्हाळ्यात सुटणारच. दिवाळीनंतर त्याचं तोंड छन्नीने जरा रुंद करून, कचरा झटकून पॉलीयुरेथेनचं रबरासारखं सीलंट भरणार आहे. ट्यूब आणून ठेवली आहे, ती दाबून भरायचं पिस्तूल दुकानदार भाड्याने देतो म्हणाला.